पुस्तकाला शंका विचारा

(रत्नागिरीत डिप्लोमा आणि इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचं शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्य तितकी तशीच ठेवली आहे.)



मित्रमैत्रिणींनो, मला सांगितलं होतं की ‘करिअर’वर बोला. करिअरवरची भाषणं तुम्ही भरपूर ऐकली असतील. त्यात शेवटी टाळ्या वाजतात आणि दुसऱ्या दिवशी सगळं होतं तिथेच असतं. म्हणून मी आज एकाच छोट्या गोष्टीवर बोलणार आहे. कॉम्प्युटर ग्राफिक्स हा विषय शिकायचा असेल, तर पुस्तक कसं निवडायचं? आणि हातात आहे ते पुस्तक चांगलं की वाईट, हे आपलं आपण कसं ठरवायचं?

हा विषय निवडण्याचं कारण घरातलंच आहे. माझ्या नात्यातली एक मुलगी दहावीपर्यंत उर्दू माध्यमात शिकली आणि पुढे डिप्लोमाला गेली. एकदा सुट्टीत भेटली तेव्हा म्हणाली, “मामू, मी शिकायचं सोडू का? मी गणितात कच्ची आहे.” विचारलं, कशावरून? तर तिने एक गाईड पुढे केलं. एक उदाहरण ती तीन दिवस सोडवत होती आणि पुस्तकातलं उत्तर येतच नव्हतं. मी कागद घेऊन बसलो. पंधरा मिनिटांत लक्षात आलं की मुलीचं बरोबर होतं आणि पुस्तकात छपाईची चूक होती. पण ती शक्यता तिच्या मनात एकदाही आली नाही. पुस्तक चुकीचं असू शकतं हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. चूक पुस्तकाची आणि न्यूनगंड मुलीला. हे मला फार लागलं.

आता विचार करा, असं का होतं? दहावीपर्यंत आपल्याला पुस्तक निवडावं लागत नाही. १९६७ साली बालभारती सुरू झाली. तेव्हापासून राज्यातल्या मराठी माध्यमाच्या मुलाला आणि उर्दू माध्यमाच्या मुलाला तीच पाठ्यपुस्तकं आपापल्या भाषेत मिळतात. त्यामागे तज्ज्ञांच्या समित्या असतात, कुणीतरी ती तपासलेली असतात. आपण फक्त कव्हर घालायचं. दहावीनंतर हे छत्र अचानक जातं. बाजारात एकाच विषयाची पाच पुस्तकं असतात. कुणी तपासलं, कुणी नाही, काही पत्ता नाही. सीनियरनी सांगितलं ते आपण घेतो. सीनियरला त्याच्या सीनियरने सांगितलेलं असतं.

आणि ज्या घरात आधी कुणी इंजिनिअर झालेलं नाही, तिथे विचारायचं कुणाला? माझे अब्बा मासेमारीच्या बोटीवर होते. त्यांना जाळ्याची पारख होती, डिझेल इंजिनचा आवाज ऐकून काय बिघडलंय ते सांगायचे. पण माझं पुस्तक हातात घेऊन ते फक्त किंमत बघायचे आणि पैसे काढून द्यायचे. त्या पैशांचं पुस्तक चांगलं घ्यायची जबाबदारी माझी होती, आणि ती मला निभावता आली नाही.

ती गोष्ट सांगतो, कारण तिच्यातच आजचा मुद्दा आहे.

ग्राफिक्समध्ये सगळ्यात आधी शिकवतात ती रेषा. पडदा हा लहान लहान चौकोनांचा बनलेला असतो, त्यांना आपण पिक्सेल म्हणतो. दोन ठिपक्यांमध्ये सरळ रेषा काढायची तर मधले कोणते पिक्सेल पेटवायचे? त्यासाठी जॅक ब्रेसनहॅम यांची पद्धत आहे. ते आयबीएममध्ये होते. १९६२ मध्ये त्यांनी ती तयार केली आणि १९६५ मध्ये ती छापून आली. गंमत म्हणजे ती पडद्यासाठी नव्हतीच, कागदावर पेनने रेघा ओढणाऱ्या प्लॉटर यंत्रासाठी होती. त्या काळी संगणकाला अपूर्णांकाचा हिशेब जड जायचा. म्हणून त्यांनी असा मार्ग काढला की पूर्णांकांची फक्त बेरीज-वजाबाकी करून काम भागेल.

वही असेल तर लिहून घ्या. रेषा (०,०) पासून (५,२) पर्यंत. आडवं अंतर ५, उभं अंतर २. सुरुवातीचा निर्णयाचा आकडा म्हणजे उभ्याची दुप्पट वजा आडवं, म्हणजे ४ वजा ५, बरोबर −१. नियम दोनच. आकडा ऋण असेल तर फक्त उजवीकडे एक घर सरका आणि आकड्यात ४ मिळवा. शून्य किंवा धन असेल तर उजवीकडे आणि वर असे दोन्हीकडे सरका, आणि आकड्यात उभ्याची दुप्पट वजा आडव्याची दुप्पट, म्हणजे ४ वजा १०, बरोबर −६ मिळवा.

करून बघा. आकडा −१, म्हणून (१,०). आकडा झाला ३, म्हणून (२,१). आकडा झाला −३, म्हणून (३,१). आकडा १, म्हणून (४,२). आकडा −५, म्हणून (५,२). पोहोचलो. जिथे जायचं होतं तिथेच.

माझ्या गाईडमध्ये दुसऱ्या नियमात ‘आडव्याची दुप्पट’ याऐवजी नुसतं ‘आडवं’ छापलं होतं. एक ‘२’ गळला होता. म्हणजे −६ च्या जागी ४ वजा ५, −१. आता बघा काय होतं. (१,०), मग आकडा ३, म्हणून (२,१). आकडा २, म्हणून (३,२). आकडा १, म्हणून (४,३). आकडा ०, म्हणून (५,४). रेषा (५,२) ला जायच्या ऐवजी (५,४) ला गेली!

मी तो नियम तसाच पाठ केला होता. परीक्षेत पायऱ्या लिहिल्या, मार्क मिळाले, पास झालो. पुढे मुंबईत एका नोकरीच्या मुलाखतीत त्यांनी कागद दिला आणि हीच रेषा काढायला सांगितली. मी ऐटीत काढली. समोरच्या बाईंनी कागद माझ्याकडे फिरवला आणि शांतपणे विचारलं, “रेषा कुठे जायची होती?” मी बघितलं आणि घाम फुटला. त्या दिवशीची परतीची गाडी मला अजून आठवते.

दोष गाईडवाल्याचा होताच. पण वर्षभर ते पुस्तक माझ्याजवळ होतं आणि रेषा शेवटी कुठे पोहोचते हे मी एकदाही बघितलं नव्हतं, हा दोष माझा. म्हणून माझी पहिली कसोटी ही: पुस्तकातलं एक उदाहरण हाताने शेवटपर्यंत सोडवा. दुकानात सोडवता येणार नाही, पण मित्राकडून, ग्रंथालयातून एक दिवस आणून सोडवता येतं. पहिल्या तीन उदाहरणांत चूक सापडली, तर पुढच्या दोनशे पानांवर भरवसा किती ठेवायचा ते तुम्हीच ठरवा.

दुसरी कसोटी. पुस्तक कुठे थांबतं ते बघा. आत्ता आपण काढली ती रेषा तिरकी पण चपटी होती, आडवं अंतर जास्त, उभं कमी. आता (०,०) पासून (२,५) काढा, उभी चढण. तेच नियम लावा. सुरुवातीचा आकडा १० वजा २, म्हणजे ८. धन आहे, म्हणून (१,१). दुसऱ्या नियमाने १० वजा ४, म्हणजे ६ मिळवा, आकडा झाला १४. पुन्हा धन, म्हणून (२,२). आणि संपलं! उजवीकडे जायला दोनच घरं होती. रेषा (२,५) ला पोहोचलीच नाही. उभ्या रेषेसाठी आडव्या-उभ्याची अदलाबदल करावी लागते, एकेक पाऊल वरच्या दिशेने टाकावं लागतं. डावीकडे जाणाऱ्या रेषेसाठी पाऊल उलटं टाकावं लागतं. चांगलं पुस्तक हे सगळं सांगतं. निदान ‘ही पद्धत एवढ्याच उतारासाठी आहे, बाकीचं असं करा’ एवढं तरी बजावतं. वाईट पुस्तक सोपा प्रकार देऊन पुढच्या धड्याला लागतं, कारण परीक्षेत तेवढंच विचारतात.

तिसरी कसोटी फिरवण्याची, म्हणजे रोटेशनची. मिरकरवाड्याच्या बंदरात उभी असलेली बोट डोळ्यांसमोर आणा. बोट जागच्या जागी वळवणं वेगळं आणि धक्क्याच्या कोपऱ्याभोवती वळसा घालून नेणं वेगळं. पुस्तकातलं रोटेशनचं सूत्र नेहमी आरंभबिंदूभोवती, म्हणजे (०,०) भोवती फिरवतं. बोट (४,०) पासून (६,०) पर्यंत आडवी आहे असं धरा. नुसतं सूत्र लावून ९० अंश फिरवली तर ती (०,४) ते (०,६) अशी जाऊन बसते. जागाच बदलली! जागच्या जागी वळवायची असेल तर आधी बोटीचा मध्य (५,०) आरंभबिंदूवर आणायचा, मग फिरवायचं, मग परत नेऊन ठेवायचं. तेव्हा ती (५,−१) ते (५,१) अशी उभी होते. तीन पावलं, आणि क्रम महत्त्वाचा. क्रम बदलला की उत्तर बदलतं. हे ज्या पुस्तकात चित्र काढून समजावलंय ते घ्या. ज्यात नुसत्या तीन मॅट्रिक्स शेजारी शेजारी छापल्यात ते बाजूला ठेवा.

इथे एक खाचखळगा आहे, सावध करतो. काही पुस्तकं बिंदू आडव्या ओळीत लिहितात, काही उभ्या स्तंभात. दोन्ही बरोबर आहेत. पण त्यामुळे मॅट्रिक्सचा क्रम उलटा होतो आणि साइनच्या आधीचं वजाचं चिन्ह दुसऱ्या जागी जातं. काही गाईडं दोन-तीन पुस्तकांमधून उतरवून काढलेली असतात. एका पानावर एक रीत, पुढच्या पानावर दुसरी. विद्यार्थ्याला वाटतं आपलंच काहीतरी चुकतंय. तपासायची युक्ती सोपी आहे: (१,०) हा बिंदू ९० अंश फिरवा. (०,१) यायला हवा. पुस्तकाच्या सूत्राने (०,−१) आला, तर किंवा त्यांनी घड्याळाच्या दिशेने फिरवलंय, किंवा गोंधळ घातलाय. पुस्तकाने ते स्पष्ट लिहिलंय का ते शोधा.

साइनचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगतो. आर्यभटाच्या परंपरेत या राशीला ‘ज्या’ किंवा ‘जीवा’ म्हणत, म्हणजे धनुष्याची दोरी. भारतीय गणित अरबीत गेलं तेव्हा अरबांनी तो शब्द आवाजाप्रमाणे ‘जीबा’ असा उचलला. अरबी लिखाणात स्वर सहसा लिहीत नाहीत. त्यामुळे पुढे लोकांनी तो ‘जैब’ असा वाचला. जैब म्हणजे अंगरख्याचा गळा, घडी, खिसा. आपला ‘जेब’ हा शब्द तोच. बाराव्या शतकात लॅटिन भाषांतरकारांनी त्याच अर्थाचा आपला शब्द टाकला, ‘सायनस’. त्याचं झालं साइन. म्हणजे धनुष्याच्या दोरीचा खिसा झाला, तो एका चुकीच्या वाचनामुळे, आणि ती चूक जगातल्या प्रत्येक कॅल्क्युलेटरवर आजही आहे. ही चूक निरुपद्रवी होती, नावापुरती होती. पण पुस्तकातून पुस्तकात चूक कशी चालत येते, ते यावरून समजतं.

आपल्याकडे सभेत अभिमानाने सांगतात की अल्गोरिदम हा शब्द नवव्या शतकातल्या बगदादच्या अल-ख्वारिज्मी यांच्या नावावरून आला. खरं आहे. प्रकाश वस्तूवरून डोळ्यात येतो, डोळ्यातून बाहेर जात नाही, हे इब्न अल-हैसम यांनी ‘किताब अल-मनाझिर’मध्ये हजार वर्षांपूर्वी मांडलं. तेही खरं आहे, आणि ग्राफिक्समधल्या रे ट्रेसिंगशी त्याचं नातं आहे. संगणकात मात्र हिशेब वाचावा म्हणून आपण किरण उलटा, डोळ्याकडून वस्तूकडे सोडतो, कारण दिव्यातून निघालेले बहुतेक किरण डोळ्यापर्यंत येतच नाहीत. पण नुसती नावं घेऊन आपल्याला काय मिळतं? मला इब्न अल-हैसम आवडतात ते दुसऱ्या एका पुस्तकासाठी. त्याचं नाव ‘अल-शुकूक अला बत्लमयूस’, म्हणजे टॉलेमीबद्दलच्या शंका. टॉलेमी म्हणजे त्या काळातला खगोलशास्त्राचा सगळ्यात मानाचा ग्रंथकार, सगळे त्याच्याच पुस्तकांवर शिकायचे. अशा माणसाच्या ग्रंथांत कुठे काय जुळत नाही, ते यांनी आदर ठेवून, मुद्देसूद लिहून काढलं. वारसा सांगायचाच असेल तर हा सांगू या.

चौथी कसोटी: पुस्तकातला प्रोग्राम आज तुमच्या यंत्रावर चालतो का? डिप्लोमाच्या ‘आय’ स्कीममध्ये तिसऱ्या सत्राला हा विषय होता, कोड २२३१८. मुंबई विद्यापीठाच्या २०१९ च्या अभ्यासक्रमातही दुसऱ्या वर्षाला होता. प्रॅक्टिकलला बहुतेकांनी काय केलं? टर्बो सी, ‘ग्राफिक्स डॉट एच’, आणि ६४० बाय ४८० च्या पडद्यावर १६ रंग. हा डॉसच्या काळातला कंपायलर. आजच्या ६४ बिटच्या विंडोजवर तो थेट चालत नाही, डॉसबॉक्स लावून चालवावा लागतो. मी त्याची टिंगल करणार नाही. एक पिक्सेल पेटवायला तो सोपा आहे, आणि रेषा, वर्तुळ शिकायला तेवढं पुरतं. पण पुस्तक २०२० नंतर छापलेलं असून त्यात तेवढंच असेल, तर लेखकाने मुखपृष्ठ बदललं, आतला माल तोच ठेवला, असं समजा.

ओपनजीएल असलेल्या पुस्तकांनाही हाच प्रश्न विचारा. ओपनजीएल १९९२ मध्ये आलं. त्याची जुनी, ‘जीएल बिगिन’, ‘जीएल एंड’ लिहायची पद्धत २००८-०९ मध्ये मुख्य भागातून मोडीत निघाली. आज काम शेडरवर चालतं, म्हणजे ग्राफिक्स कार्डावर चालणारे छोटे प्रोग्राम. पुस्तकात शेडर हा शब्दच नसेल तर ते पुस्तक पाया शिकवेल, पण नोकरीच्या दारापर्यंत नेणार नाही.

मग नाव घेऊन सांगा ना, कोणतं घेऊ, असं तुम्ही म्हणाल. सांगतो.

हर्न आणि बेकर यांचं पुस्तक आपल्याकडे सगळ्यात जास्त चालतं. पहिली आवृत्ती १९८६ ची. भाषा सरळ, आकृत्या भरपूर, रेषा-वर्तुळ-क्लिपिंग-ट्रान्सफॉर्मेशन हा भाग पक्का. पण आवृत्ती बघून घ्या. रद्दीत मिळणारी ‘सी व्हर्जन’ वेगळी, नंतरची ओपनजीएलवाली वेगळी. पायासाठी जुनी चालेल, ती स्वस्तही मिळते.

फोली, व्हॅन डॅम, फाइनर आणि ह्यूज यांचा १९९० चा ग्रंथ अकराशेहून जास्त पानांचा आहे. तो विकत घेऊन पहिल्या पानापासून वाचायला बसू नका, दमाल. तो ग्रंथालयात हवा. एखादी गोष्ट दुसरीकडे समजली नाही की त्यातलं ते प्रकरण काढून वाचायचं.

रॉजर्स यांचं ‘प्रोसिजरल एलिमेंट्स’ हाताने उदाहरणं सोडवणाऱ्याला आवडेल. सोडवून दाखवलेली उदाहरणं हे त्याचं बळ.

आणि आता फुकटातलं. पीटर शर्ली यांचं ‘रे ट्रेसिंग इन वन वीकेंड’ २०१६ मध्ये आलं, ते इंटरनेटवर मोफत वाचता येतं. त्याला ग्राफिक्स कार्ड लागत नाही, खास सॉफ्टवेअर लागत नाही, साधा सी प्लस प्लसचा कंपायलर पुरतो. जुन्या लॅपटॉपवर चालतं, फक्त चित्र तयार व्हायला वेळ लागतो. रात्री लावा, सकाळी बघा. काचेचे आणि धातूचे गोळे, त्यात एकमेकांचं प्रतिबिंब. आपण लिहिलेल्या ओळींतून ते उमटलेलं बघितलं की विषयाची भीती जाते. गॅब्रिएल गँबेटा यांचं ‘कॉम्प्युटर ग्राफिक्स फ्रॉम स्क्रॅच’ही मोफत वाचता येतं आणि त्याला शाळेतलं गणित बऱ्यापैकी पुरतं. ओपनजीएल आजच्या पद्धतीने शिकायचं असेल तर जोई द व्रीस यांचं ‘लर्न ओपनजीएल’ मोफत आहे.

आणि गाईड? गाईड फाडून टाका असं मी म्हणणार नाही. ज्या मुलाला रोज बस पकडून कॉलेजला जायचंय, संध्याकाळी दुकानात बसायचंय, त्याला पास व्हायचंय. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. गाईडमधून प्रश्नांचा कल कळतो, उत्तर किती लिहायचं ते कळतं. गाईड परीक्षेआधीच्या पंधरा दिवसांसाठी ठेवा आणि बाकीचं सत्र पुस्तकाला द्या. दोन्हींच्या कामाची गल्लत केली की माझ्यासारखी (५,४) ला जाते रेषा.

पाचवी कसोटी भाषेची, आणि आपल्यासाठी ही फार मोठी आहे. उर्दू शाळेतला मुलगा ‘मुसल्लस’ शिकला, मराठी शाळेतला ‘त्रिकोण’ शिकला, पुस्तकात ‘ट्रँगल’. एकाने ‘ज़ाविया’ म्हटलं, दुसऱ्याने ‘कोन’, पुस्तक म्हणतं ‘अँगल’. वस्तू तीच. मोबाइलवरच्या गेममधला माणूस, गाडी, समुद्र हे सगळं शेवटी हजारो मुसल्लसांचं बनलेलं असतं. ज्याला दहावीपर्यंत त्रिकोण पक्का कळला, त्याला निम्मं ग्राफिक्स आधीच येतं. आड येते ती भाषा, अक्कल नव्हे.

२०२१ पासून तंत्रशिक्षण मंडळाने डिप्लोमाला मराठी-इंग्रजी असा द्विभाषिक पर्याय दिला आहे. एआयसीटीईने पहिल्या वर्षांची तांत्रिक पुस्तकं मराठी, उर्दूसह भारतीय भाषांत आणायला सुरुवात केली. चांगलं पाऊल आहे, वापरा. पण मराठी पुस्तकालाही तीच कसोटी. काही भाषांतरं इतकी जड असतात की मूळ इंग्रजी परवडलं. माझी युक्ती सांगतो: पुस्तकातला एक परिच्छेद वाचा, पुस्तक मिटा, आणि तेच घरात ज्या भाषेत बोलता त्या भाषेत लहान भावाला किंवा अम्मीला समजावा. समजावता आलं तर पुस्तक चांगलं, निदान तुमच्यासाठी. प्रकाशाचं प्रकरण घ्या. फॉंग यांनी १९७० च्या दशकात वस्तूवरच्या उजेडाचे तीन भाग केले: सगळीकडे पसरलेला मंद उजेड, पृष्ठभागावर पडून विखुरणारा उजेड आणि चकाकी. संध्याकाळी मांडवीला उभं राहा. सावलीतली भिंतही दिसते, तो पहिला. उन्हाकडे तोंड केलेली भिंत जास्त उजळ, तो दुसरा. पाण्यावर डोळे दिपवणारा पट्टा असतो आणि आपण चाललो की तो आपल्याबरोबर सरकतो, ती चकाकी. पट्टा सरकतो कारण चकाकी बघणाऱ्याच्या जागेवर अवलंबून असते. पुस्तकाने हे सांगितलं की नुसतं सूत्र फेकलं?

आता शेवटचा मुद्दा, पैशांचा आणि एकीचा. प्रत्येकाने पाच पुस्तकं विकत घ्यावीत हे शक्य नाही. बऱ्याच घरांत लॅपटॉप नाही, मुलींना तर अनेकदा भावाचा मोबाइल उरला तर मिळतो. मग करायचं काय? तीन गोष्टी सांगतो, तिन्हीला खर्च जवळजवळ नाही.

एक, आपल्या शहरात १८२८ पासून चालत आलेलं जिल्हा नगर वाचनालय आहे. कॉलेजची ग्रंथालयं आहेत. ग्रंथपालांना लेखी मागणी द्या, पुस्तकाचं नाव, लेखक, आवृत्ती लिहून. एकाने मागितलं तर विसरतील. वीस जणांनी मागितलं तर यादीत जाईल.

दोन, चार-पाच जणांचा गट करा, मुलीही त्यात असू द्या, आणि पुस्तकं वाटून घ्या. प्रत्येकाने आपल्या पुस्तकाला या पाच कसोट्या लावून एका पानाचा अहवाल लिहायचा: कोणती उदाहरणं सोडवली, कुठे चूक सापडली, कोणता प्रोग्राम चालला, कोणता धडा दुसरीकडून वाचावा लागला. ते पान पुढच्या वर्षीच्या मुलांना द्या. पुढच्या मुलीला “मी कच्ची आहे” म्हणायची वेळ येणार नाही.

तीन, चूक सापडली तर प्रकाशकाला कळवा. नम्रपणे, पान क्रमांक देऊन, दुरुस्ती लिहून. माझ्या गाईडमधला तो गळलेला ‘२’ माझ्या आधी किती मुलांना दिसला असेल? दिसला असेल तर कुणी कळवलं नाही. मीसुद्धा कळवलं नाही. रागावलो आणि गप्प बसलो. ते चुकलंच.

जाताना एक गृहपाठ देतो. जुन्या मशिदींच्या जाळीत, फरशीवर तुम्ही आठ टोकांचा तारा बघितला असेल. तो म्हणजे एकावर एक ठेवलेले दोन चौरस, दुसरा ४५ अंश फिरवलेला. पहिल्या चौरसाचे कोपरे (१,१), (−१,१), (−१,−१), (१,−१). तुमच्या पुस्तकाच्या सूत्राने दुसरा चौरस काढा. (१,१) हा कोपरा फिरून (०, १.४१) ला यायला हवा. आला तर तारा पूर्ण करा, रंग भरा, घरी दाखवा. नाही आला, तर आधी स्वतःचा हिशेब एकदा तपासा. तो बरोबर असेल तर घाबरू नका, पुस्तक तपासा.

त्या मुलीने तेच केलं. तिने शिकायचं सोडलं नाही. तिच्या त्या गाईडच्या समासात आता पेन्सिलने केलेल्या अकरा दुरुस्त्या आहेत आणि ते गाईड तिच्या वर्गात हातोहात फिरतंय.